आकडा वाढवणारे आम्ही

खोट्या लाइक्समुळे कोणाचं काही बिघडत नाही, असं मी मनापासून मानत होतो. 2020 साली गायिका भूमी त्रिवेदी यांच्या नावाच्या बनावट खात्यावरून मुंबई पोलिसांनी विकतच्या फॉलोअर्सचा धंदा उघडा पाडला. तेव्हाही वाटलं, ही सिनेमावाल्यांची भानगड; यवतमाळात आपल्याला काय त्याचं?

पुढे मी स्वतःच चॅनल काढलं. यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओंच्या जोरावर जाहिरातीचे पैसे मिळायचे तर 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहिले गेलेले लागतात. एवढी माणसं आणायची कुठून? आमच्यासारख्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. तुम्ही माझं बघा, मी तुमचं बघतो. रात्री फोन चार्जिंगला लावायचा, आवाज बंद करायचा आणि दुसऱ्यांचे व्हिडिओ चालू ठेवून झोपायचं. खाली एखादी कॉमेंटही टाकायची. हे नियमात बसत नाही, हे ठाऊक होतं. पण फसलीच तर कंपनी फसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

पावसाळ्यात ओळखीचे एक शेतकरी भेटले. पऱ्हाटीवर फवारायला तीन औषधं एकाच टाकीत मिसळणार होते. म्हटलं, काका, कृषी सहायकांना विचारलं का? त्यांनी मोबाइल पुढे केला. "एवढ्या लोकायनं पाह्यलं, मंग खोटं कसं असन?" व्हिडिओ आमच्या ग्रुपमधल्याचा होता. बोटानं खाली सरकवत त्यांनी एक कॉमेंट मला वाचून दाखवली : "वापरून पाहिलं, रिझल्ट एक नंबर."

ती माझी होती.

माझ्या नावावर गुंठाभर शेत नाही. फवारणीचा पंप मी कधी पाठीवर घेतलेला नाही. तो व्हिडिओसुद्धा मी पाहिला नव्हता, माझ्या फोननं पाहिला होता. आणि हे मी यवतमाळात बसून केलं! 2017 मध्ये डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत फवारताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात 20हून अधिक माणसं दगावली. वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. मनाला येईल तशी केलेली औषधांची मिश्रणं, हेही एक कारण तेव्हा पुढे आलं होतं. त्या वेळी कंपन्यांवर, दुकानदारांवर, सरकारवर मी तावातावानं बोलत असे. त्या बोलण्याची आज लाज वाटते.

सांगायला जीभ रेटत नव्हती. शेवटी म्हणालो, "काका, हे मीच लिहिलंय. मी काहीच वापरलेलं नाही." ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाकीच्यायनं बी असंच लिहिलं का?"

कदाचित त्यातल्या काही कॉमेंट खऱ्या असतील. कुठल्या, ते मला सांगता येईना. खऱ्या अनुभवाचा शब्दही आम्ही निकामी करून ठेवला होता. मी मान खाली घातली आणि कृषी सहायकांचा नंबर शोधायला लागलो.

त्या संध्याकाळी कॉमेंट पुसली, ग्रुप सोडला. व्हिडिओवाल्या मित्राला फोन केला. त्यानंही ते मिश्रण दुसऱ्या कोणाच्या तरी व्हिडिओतून उचललं होतं. म्हटलं, काढून टाक. व्हिडिओ काढला की त्याचे तासही जातात. तो म्हणाला, "चार हजार भरत आलेत रे, थोडं थांब."