समारियाची उतरण

‘‘सुट्टीत चालायला कोणी ग्रीसला जातो का?’’ हा प्रश्न आम्हाला निदान दहा जणांनी विचारला असेल. ग्रीस म्हणजे अथेन्सचे खांब आणि बेटांवरची पांढरी घरे, एवढेच आपल्या मनात असते. पण क्रीट हे बेट डोंगराळ आहे. पश्चिमेचे ‘लेफ्का ओरी’, म्हणजे पांढरे डोंगर, दोन हजार मीटरांच्याही वर गेले आहेत आणि त्यांच्या पोटातून समारियाची घळ थेट लिबियन समुद्राला भिडते. वाट १६ किलोमीटरांची, जवळजवळ सगळी उताराची. ‘उतारच ना, मग काय!’ असे मी घरी बसून म्हणालो होतो. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाने असे म्हणू नये.

जुलै महिना. हानियाहून पहाटेच्या बसने ओमालोसच्या पठारावर आलो. घळीच्या तोंडाला क्सिलोस्कालो म्हणतात, म्हणजे लाकडी जिना. आता तिथे कठडे घातलेली नागमोडी वाट आहे. तिकीट मात्र जपून ठेवायचे, कारण ते खालच्या फाटकावर पुन्हा दाखवावे लागते. रात्री आत कोणी राहून तर गेले नाही ना, याचा हिशेब त्या चिठोऱ्यांवर चालतो.

बाराशे मीटरांहून अधिक उंचीवरून आम्ही सरूच्या आणि चिडाच्या सावलीत उतरू लागलो. वाटेत झऱ्यांचे थंडगार पाणी होते. दोन तासांनी सौभाग्यवतींचा उजवा गुडघा कुरकुरू लागला. जायबंदी झालेल्यांसाठी इथले रखवालदार खेचरे ठेवतात, असे मी सहज सांगितले.

‘‘अहो, मी खेचरावर बसणार नाही हं, आधीच सांगून ठेवते!’’

माझी खरी काळजी बोटीची होती. खाली आजिया रुमेलीला मोटारीचा रस्ता नाही. संध्याकाळची बोट चुकली की मुक्काम तिथेच.

निम्म्या वाटेवर समारिया गाव लागले. गाव कसले, दगडी घरे तेवढी. १९६२ साली घळ राष्ट्रीय उद्यान झाली आणि माणसांना गाव सोडावे लागले. दोनचार घरे डागडुजी करून रखवालदारांनी घेतली आहेत, बाकीची पडकी. ही एका उंबऱ्यावर टेकली ती उठेचना. क्री-क्री नावाची रानबकरी येऊन पिशवी हुंगू लागली. त्यांना खायला देऊ नये असा नियम आहे. आम्ही तो पाळला, बकरीची मात्र तशी काही तयारी दिसली नाही.

‘‘चल, बोट चुकेल,’’ मी म्हणालो.

‘‘थांबा हो जरा. इथं उंबरे तरी राहिलेत.’’

मग माझ्या लक्षात आले. हिच्या माहेरचे मूळ गाव कोयनेच्या धरणात गेले, तेही त्याच सुमारास. ही तेव्हा जन्मलीही नव्हती. वडील त्या घराच्या गोष्टी सांगत आणि एकदम गप्प होत. मी मनगटावरचे घड्याळ खिशात टाकले.

पुढे ‘पोर्तेस’ म्हणजे दरवाजे. दोन्ही बाजूंना सुमारे ३०० मीटर उंचीचे कडे आणि मध्ये जेमतेम तीनचार मीटरांची फट! मान मागे टाकली तरी आभाळाची एक चिंधीच दिसते. एरवी अशा जागी मी तासभर रेंगाळलो असतो. पण काठी टेकत, माझा खांदा धरत ही चालली होती आणि ओढ्यावरच्या फळ्या मी एकेक पाहून देत होतो. त्या जागेचे वर्णन मला म्हणूनच नीटसे करता येत नाही. शेवटचा टप्पा उघड्या उन्हाचा, गोट्यांचा. फाटकावर तिकिटे दाखवली तेव्हा आमच्या मागे कोणीच नव्हते.

बोट गेली होती.

एका खानावळीत खोली मिळाली. हिने बूट काढून गुडघाभर पाण्यात पाय सोडले आणि साताऱ्याला थोरल्या भावाला फोन लावला. घळीबद्दल, कड्यांबद्दल एक अक्षर नाही.

‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘आपल्या घराचं तोंड कुणीकडं होतं रे?’’