खिडकीतला पाहुणा

रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारं कुंडीतलं झाड पाहिलंय ना? सरळसोट खोड आणि मजल्यांसारख्या फांद्या! मीही एक हौसेनं आणलं आणि शोभेसाठी दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं. रोज तांब्याभर पाणी घालत होते. तरी खालच्या फांद्या तपकिरी पडून गळू लागल्या. पाणी कमी पडलं असेल म्हणून मी आणखी ओतलं!

शेवटी आई म्हणाली, “अगं, मातीत बोट घालून तरी बघ!” बघते तर काय, नुसता चिखल.

मग मी पुस्तकं चाळली. हा नॉरफोक पाइन. सूचिपर्णी खरा, पण अस्सल पाइन नव्हे. त्याचं घर प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावर. १७७४ साली कॅप्टन कुकने ही उंच झाडं पाहिली, तेव्हा जहाजांच्या डोलकाठ्यांना ती उपयोगी पडतील, असं त्याला वाटलं. तिथे ती ५० मीटरपर्यंत वाढतात. अशा उजेडात वाढणाऱ्याला मी कोपऱ्यात कोंडलं होतं!

आता तो खिडकीत असतो. बोटाचं एक पेर खोल माती कोरडी लागली, तरच पाणी देते. तो उजेडाकडे कलू नये म्हणून दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवते. शेंडा मात्र कधीच खुडत नाही.

गळलेल्या फांद्या पुन्हा फुटत नाहीत, बरं का! त्याचं खोड खाली अजून उघडंच आहे. पण यंदा शेंड्याशी नवा पोपटी मजला आलाय. पाहुण्यांनी विचारलं, तर मी दोन्ही दाखवते.

तुमच्या कुंडीतली माती आज पाहिलीत का?