जात कुठल्या क्लासमध्ये लिहायची?

आपल्या पोरांनी कॉम्प्युटर शिकावा की नाही, हा वाद आता संपला आहे. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट वस्तीत घराघरात आहे. पण त्या सर्टिफिकेटने आपल्याला काय केलं? वापरणारे केलं. दुसऱ्याने आखलेला फॉर्म उघडायचा, त्याच्या चौकटीत स्वतःला बसवायचं आणि सबमिट दाबायचं. चौकट कुणी आखली, रकाने कुणी ठरवले, कुठला रकाना सक्तीचा आणि कुठला नाहीच, हे आपण विचारत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो की वर्गीकरण करण्याचा अधिकार ही स्वतःच एक सत्ता असते. ती सत्ता आज बरीचशी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात आहे.

म्हणून आम्ही जावा शिकायला बसलो. आम्ही म्हणजे शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी वर्षानुवर्षं पोरांच्या मागे धावणारे तिघे कार्यकर्ते आणि कॉलेजची सात-आठ मुलं-मुली. जागा विहाराचा हॉल, वेळ रविवार संध्याकाळ, लॅपटॉप दोन. शिकवणारी वस्तीतलीच, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. आम्हाला ती दादा म्हणते आणि चुकलं की वहीत लाल पेनाने गोल करते. जावाच का? डिप्लोमा-डिग्रीच्या अभ्यासक्रमात ती असते, त्यामुळे जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात. एवढंच कारण.

इंग्रजीच्या भीतीबद्दल आधी सांगतो, कारण आपली निम्मी पोरं तिथूनच परत फिरतात. जावाचे स्वतःचे राखीव शब्द पन्नासच्या आसपास आहेत. क्लास, न्यू, इफ, रिटर्न असले. तेवढे इंग्रजीत लिहावे लागतात. बाकी नावं तुम्ही ठेवायची, आणि ती देवनागरीत ठेवली तरी जावाला चालतात. क्लासचं नाव ‘विद्यार्थी’, आतल्या रकान्याचं ‘गाव’, खुशाल लिहा. फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करायची. जावा 18 पासून कंपायलर तेच गृहीत धरतो, त्याआधीच्या आवृत्तीत वेगळं सांगावं लागू शकतं. नोकरीच्या ठिकाणी इंग्रजी नावंच लागतील, हे खरं. पण पहिली पायरी आपल्या भाषेत चढता येत असेल तर ती का सोडायची?

आता मूळ कल्पना. क्लास म्हणजे कोरा फॉर्म. ऑब्जेक्ट म्हणजे भरलेला फॉर्म. फॉर्मवर रकाने असतात तसे क्लासमध्ये फील्ड. फॉर्म पुढे कसा सरकवायचा याचे नियम असतात तशा मेथड. न्यू म्हटलं की नवा फॉर्म निघतो, आणि भरताना जे तपासायचं ते कन्स्ट्रक्टरमध्ये लिहिता येतं. एकाच नावाची, एकाच गावची दोन मुलं असली तरी दोन न्यू म्हणजे दोन वेगळी ऑब्जेक्ट. पुस्तकं इथे मोटारगाडी आणि कुत्र्या-मांजरांची उदाहरणं देतात. आम्ही ती बाजूला ठेवली आणि आमच्या कामाचंच उदाहरण घेतलं: वस्तीतल्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती नोंदवही.

इनहेरिटन्सचा धडा आला तेव्हा हॉलमध्ये गोंधळ झाला. एक्स्टेंड्स लिहिलं की आई-क्लासचे गुण लेकी-क्लासला मिळतात. एक पोरगा लगेच म्हणाला, “दादा, हे तर जन्मावरून मिळालेलं झालं. मनुस्मृतीच की!” सगळे हसले. असली उपमा टाळ्या मिळवते, पण तिथेच थांबलं तर प्रोग्रॅमिंगही कळत नाही आणि जातही. खरी अडचण पुढे, आराखड्यात होती. आमच्यातल्या काहींनी असं मांडलं: विद्यार्थी हा मूळ क्लास. त्यातून अनुसूचित जाती विद्यार्थी, ओबीसी विद्यार्थी, खुला विद्यार्थी असे लेकी-क्लास. प्रत्येकाची सवलत वेगळी, म्हणून प्रत्येकात सवलतीची मेथड ओव्हरराइड करायची, म्हणजे तिथे स्वतःची वेगळी लिहायची. कागदावर सुंदर दिसत होतं.

मग प्रश्न आले. वस्तीतली एक मुलगी अनुसूचित जातीची आहे, दिव्यांग आहे, वसतिगृहातही राहते. ती कुठल्या क्लासची? जावात एका क्लासला आई-क्लास एकच मिळतो. मग काय, अनुसूचित-जाती-दिव्यांग-वसतिगृह-विद्यार्थी असा लांबलचक नवा क्लास काढायचा? आणि उद्या तिने वसतिगृह सोडलं तर? जावात एकदा तयार झालेल्या ऑब्जेक्टचा क्लास बदलत नाही. दाखला तहसीलमध्ये अडकलेला मुलगा आज कुठे बसवायचा आणि दाखला आल्यावर त्याला मोडून पुन्हा घडवायचा का? ज्यांनी एमएला आंतरछेदितेवर टिपणं लिहिली आहेत त्यांनी हा धडा एकदा जावात करून पाहावा.

प्रोग्रॅमरांच्या जगात यावर जुनं उत्तर आहे. 1994 च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकाने इनहेरिटन्सपेक्षा कंपोझिशनला पसंती द्या असं सांगितलं. म्हणजे ‘हा अमुक आहे’ असं न मांडता ‘याच्याकडे अमुक आहे’ असं मांडायचं. आमच्या नोंदवहीत याचा अर्थ असा झाला: विद्यार्थी हा एकच क्लास. दाखला हा वेगळा क्लास, त्यात क्रमांक, तारीख, देणारं कार्यालय, पडताळणी झाली की नाही. विद्यार्थ्याकडे दाखल्यांची यादी असते, शून्य, एक किंवा पाच. योजना हा तिसरा क्लास, तो दाखले पाहून पात्रता ठरवतो. जात विद्यार्थ्याच्या अंगावरून उतरली आणि दाखल्यावर गेली. ती माणसाचा प्रकार राहिली नाही, शासनाने दिलेला एक कागद झाली, जो विशिष्ट हक्कासाठी दाखवायचा असतो.

“मग तो रकानाच काढून टाका ना” असं म्हणणारे आपल्याला रोज भेटतात. जात लिहू नका, विचारू नका, जात संपेल! आम्ही ते मान्य केलं नाही. 1931 नंतर जनगणनेने सगळ्या जाती मोजणं थांबवलं, म्हणून जात संपली का? नोंद नसली तर शिष्यवृत्ती नाही, आरक्षण नाही, आणि अन्यायाचा हिशेबही नाही. रकाना हवाच. तो कुठे हवा आणि कुणाला दिसायला हवा, हा वाद आहे. म्हणून दाखल्यातलं जातीचं फील्ड आम्ही प्रायव्हेट केलं. हजेरीची यादी छापणाऱ्या कोडला ते वाचता येत नाही, यादीवर फक्त नाव येतं. अर्थात प्रायव्हेट म्हणजे तिजोरी नव्हे. प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाने परस्पर हात घालू नये एवढीच ती व्यवस्था. लॅपटॉपवरची फाइल कुणी उघडली तर सगळं दिसेल, त्याला वेगळं कुलूप लागतं.

आणखी एक ओळ वहीत ठळक लिहिली आहे. धर्म बौद्ध असेल तर अनुसूचित जातीची सवलत नाकारा, असा एखादा इफ अज्ञानाने लिहिला गेला तर काय होईल? 1950 च्या आदेशात 1990 साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, हे त्या प्रोग्रॅमरला माहीत नसेल तर हजारो पोरांचे अर्ज एका ओळीत बाद होतील, आणि खिडकीवरचा बाबू म्हणेल, सिस्टीम घेत नाही. सिस्टीमला 1990 माहीत असायला ते लिहिणारा माणूस हवा.

ही विद्या कुठून आली तेही पोरांना सांगितलं. क्लास आणि ऑब्जेक्टची कल्पना नॉर्वेच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर्ड यांनी ओस्लोत सिम्युला या भाषेत मांडली, 1960 च्या दशकात. पुढे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हेच न्यूगोर्ड लोखंड व धातू कामगारांच्या युनियनसोबत बसले. कारखान्यात येणारा कॉम्प्युटर कामगारांना कळावा आणि त्यावर त्यांचंही म्हणणं असावं, यासाठी. जावा 1995 ची, सन मायक्रोसिस्टिम्सची, आणि ती कंपनीच्या घरची. पण तिची आजी युनियनच्या खोलीत बसलेल्या माणसाच्या हातची आहे.

आडनावाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आडनाव सांगितलं की जात सांगितली, त्यामुळे विद्यार्थी क्लासमध्ये ते नको असं मुलींचं म्हणणं. कार्यालयाला दाखल्यावरचं नाव अक्षरशः जुळायला हवं, हा आमचा अनुभव. तूर्त दाखल्यात पूर्ण नाव आणि विद्यार्थ्यात फक्त हाक मारायचं नाव असं ठेवलं आहे. पुढच्या रविवारी इंटरफेस. दोन लॅपटॉप पुरत नाहीत. कुणाकडे जुना पण चालू असेल तर विहारात आणून द्यावा.

जयभीम.