‘कोप’ ठेवावा की ‘राग’ घालावा? : ‘सौभद्रा’च्या तालमीतील एक वाद

बेळगाव परिसरातील आम्ही काही हौशी मंडळींनी ‘संगीत सौभद्र’ पुन्हा रंगभूमीवर आणण्याचे ठरविले, तेव्हा अडचण येईल ती पैशांची आणि सभागृहाच्या तारखांची, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात पहिले तीन आठवडे गेले ते संहितेवरच्या वादात. सरकारी कागदपत्रांची भाषा, दुकानांच्या पाट्या, शाळांचे माध्यम यांवर आम्ही आजवर पुष्कळ लिहिले आहे. मात्र एका जुन्या नाटकातील दोन अक्षरी शब्दाने आम्हांला आमच्याच भूमिकेकडे नव्याने पाहावयास लावावे, असे प्रथमच घडले. म्हणून हा लेख.

‘सौभद्र’च का, हे सांगण्याची फारशी गरज नसावी. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ सालचा, आणि तोही बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, आणि त्याची प्रेरणा होती सांगलीच्या राजेसाहेबांनी पाहिलेले कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ. मराठी नाटक असे सीमेवरून आत आले आहे. किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ पुण्यात रंगभूमीवर आणले. त्या वर्षी ‘सौभद्रा’चे पहिले तीनच अंक झाले. पाचही अंकांचा प्रयोग पुढील वर्षीचा. हे नाटक पहिल्या रात्रीपासून बदलत आलेले आहे, हा मुद्दा आमच्या तरुण दिग्दर्शकाने पहिल्याच बैठकीत मांडला, आणि त्याला उत्तर देणे कोणालाच सोपे गेले नाही.

त्याचे प्रस्ताव तीन होते. प्रयोग अडीच तासांत बसवावा, पदांतील जुने शब्द आजचे करावेत, आणि सूत्रधाराने मधूनमधून येऊन कथा समजावून सांगावी. चौथा प्रस्ताव आमचा स्वतःचा होता. त्याकडे पुढे येऊ.

पहिला प्रस्ताव लांबीचा. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदे आहेत. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांच्या काळात ती खपून जात. आज सभागृहाची वेळ ठरलेली, आणि शेवटची बस कोणासाठी थांबत नाही. तेव्हा काटछाट अटळ. पण काय कापायचे? प्रथा अशी पडली आहे की लोकप्रिय अशी आठ-दहा पदे ठेवायची आणि बाकीच्या साक्या, दिंड्या, कामदा गाळून त्यांच्या जागी दोन-दोन वाक्यांचे गद्य जोडायचे. आमच्यातील सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षकांनी यावर हरकत घेतली. त्यांनी तारुण्यात याच नाटकात काम केले आहे. त्यांचे म्हणणे असे की किर्लोस्करांच्या पदांना संवादापासून वेगळे काढता येत नाही. पात्र बोलता बोलता गाऊ लागते, आणि गाण्यातच पुढची गोष्ट सांगते. साकी काढली की कथानकाचा एक टाका उसवतो.

मग आम्ही घड्याळ लावून हिशेब केला. आमचे गायक नट एकेक लोकप्रिय पद आलाप-तानांसह सरासरी बारा मिनिटे गात होते. दहा पदांचे दोन तास झाले, मग नाटकाला उरला अर्धा तास! तीच पदे चार-चार मिनिटांत गायली तर चाळीस मिनिटे पुरतात आणि ऐंशी मिनिटे वाचतात. साकी किंवा दिंडी म्हणावयास मिनिट-दीड मिनिट पुष्कळ होते. म्हणजे नाटक लांबते ते किर्लोस्करांमुळे नव्हे. पदाची मैफल करण्याची रीत नंतरची आहे. १९११ साली ‘मानापमान’ आले, गोविंदराव टेंब्यांनी त्याला चाली दिल्या. १९१६ साली ‘स्वयंवर’ आले, त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. बालगंधर्वांच्या गळ्याने, ऑर्गनच्या सुराने आणि अहमदजान थिरकवाँसारख्यांच्या तबल्याने ती रीत एवढी लोभस झाली की पुढच्या पिढ्यांनी ‘सौभद्र’ही त्याच कानांनी ऐकले. आम्ही ज्याला परंपरा समजत होतो, तो स्वतःच एका काळचा धाडसी बदल होता. पुढे मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी १९६४ सालच्या ‘मत्स्यगंधे’पासून पदाला पुन्हा आटोपशीर केले, हाही बदलच. तेव्हा ताना कमी कराव्यात आणि साक्या ठेवाव्यात असे ठरले. गायकांपैकी दोघे रुसले, त्यांतील एक अजून पुरता हसत नाही. पण निर्णय योग्य होता असे आम्हांला आजही वाटते.

दुसरा प्रस्ताव शब्दांचा, आणि खरी ठिणगी तेथेच पडली. दिग्दर्शकाचे म्हणणे सहज उडवून लावण्याजोगे नव्हते. आमच्या प्रेक्षकांतील निम्मी मुले इंग्रजी शाळांतून शिकलेली. मराठी त्यांच्या घरात आहे, पण ती चुलीपाशी आणि दारात बोलण्यापुरती. ‘नच’ म्हणजे काय, असे आमच्याच एका नटाने विचारले होते. ‘कोणाला न कळणारी मराठी जपून आपण कोणती मराठी जगवणार?’ हा त्याचा प्रश्न आम्हांला झोंबला, कारण त्यात तथ्य होते.

पण ‘नच’ बदलून पाहिल्यावर पंचाईत कळली. ‘नच’ म्हणजे दोन लघू, दोनच मात्रा. ‘नको’ घातले तर तीन मात्रा होतात, ‘नाही’ घातले तर चार. पद ताल सोडून धावू लागते. शिवाय ‘नच’मध्ये नुसता नकार नाही. त्यातील ‘च’ नकाराला ठामपणा देतो, किंवा प्रसंगी लाडिक आर्जवही देतो. हे दोन्ही ‘नाही’ने साधत नाही. तेव्हा ‘नच’ला सर्वांनी अभय दिले.

‘कोप’ या शब्दाचे तसे नव्हते. कृष्ण रुसलेल्या रुक्मिणीची समजूत घालतो त्या पदात तो येतो. ‘कोप’ गुरु-लघू, ‘राग’ही गुरु-लघू. मात्रांचा आक्षेप येथे चालत नाही. यमक मोडते हे खरे, पण दिग्दर्शकाच्या मते यमकापेक्षा अर्थ मोठा. ‘देवाचा कोप, निसर्गाचा कोप याखेरीज आज कोण कोपते? बायको रागावते, कोपत नाही.’ मंडळी हसली, आणि बहुमत ‘राग’कडे झुकू लागले.

तेवढ्यात रुक्मिणीची भूमिका करणारी मुलगी म्हणाली, ‘मला तर कोप लगेच कळला.’ वयाने ती आमच्यात सर्वांत लहान, प्राथमिक शिक्षण मराठी शाळेत आणि पुढचे इंग्रजी शाळेत झालेले. कसा कळला, असे विचारता ती सहजपणे उत्तरली, ‘कन्नडमध्ये रागाला कोपच म्हणतात की! वर्गात बाई रोज म्हणायच्या. उलट राग म्हटले की कन्नडमध्ये गाण्यातलाच राग.’

तालमीच्या खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. त्या खोलीत बसलेल्यांपैकी चौघांनी तरी शाळांतील कन्नड सक्तीविरुद्धच्या निवेदनांवर सह्या केल्या आहेत, आणि त्यांत आमचीही सही आहे. आणि ज्या शब्दाला आम्ही मराठीतून मेलेला समजून बाहेर काढीत होतो, तो शेजारच्या भाषेत धडधाकट नांदत होता आणि तेथूनच आमच्या मुलीने तो ओळखला होता.

यावरून कोणी आमच्या तोंडी भलता निष्कर्ष घालू नये. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. ती मागणी आम्ही सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. सक्ती ती सक्तीच. पण सक्तीला विरोध करता करता आम्ही शेजारच्या भाषेकडेच पाठ फिरवीत गेलो की काय, ही शंका त्या दिवसापासून मनात आहे. दोन्ही भाषांनी संस्कृतातून घेतलेल्या शब्दांपैकी काही आमच्याकडे मावळले, त्यांच्याकडे टिकले, काहींच्या बाबतीत उलटे झाले. सीमेवरच्या मुलाला हे दोन्ही साठे उघडे असतात. पुण्यातील मुलाला ‘कोप’ समजावून सांगावा लागेल, बेळगावच्या मुलाला नाही. किर्लोस्कर याच मातीतले होते. त्यांनी कानडी पदांच्या चाली मराठी पदांसाठी निःसंकोच घेतल्या, त्यात त्यांना मराठीचा काही कमीपणा वाटला नाही. ‘कोप’ राहिला. सूत्रधाराच्या समजावणीचा तिसरा प्रस्ताव दिग्दर्शकाने आपणहून मागे घेतला. साक्या राहिल्यावर त्याची गरज उरली नव्हती.

आता आमचा प्रस्ताव. नाटकाच्या आरंभी सूत्रधार आणि नटी यांचा प्रवेश असतो. त्यात सीमाप्रश्नावर चार खणखणीत वाक्ये घालावीत, असे आम्ही सुचविले होते. आधाराला खाडिलकरांचे १९०७ सालचे ‘कीचकवध’ घेतले होते. नाटक राजकारण करू शकते, सरकारने ते १९१० साली बंद केले हाच त्याचा पुरावा. निवृत्त शिक्षकांनी शांतपणे विचारले, ‘कीचकवधात कर्झनचे नाव कोठे आहे?’ कोठेही नाही. प्रेक्षकांनी ते स्वतः ओळखले, म्हणून ते नाटक झाले. आम्ही आमची चार वाक्ये मागे घेतली. अनिच्छेने घेतली, हे लपवीत नाही. सभेत बोलण्यासाठी आम्हांला व्यासपीठे पुष्कळ आहेत.

शेवटी ठरले ते असे. शब्द एकही बदलावयाचा नाही. पदे कापावी लागतील तेथे पूर्ण पद कापावे, पदाच्या आत कात्री लावू नये. कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या बाजूस वीस कठीण शब्दांचे अर्थ छापावेत, आणि ‘कोप’पुढे त्याचा कन्नडमधील वापरही द्यावा. पदाची चाल मुळात कानडी असल्याचे ज्ञात असेल, तेथे तसे स्पष्ट लिहावे. या शेवटच्या ठरावाला दोघांचा विरोध होता. आपल्याच हाताने विरोधकाला मुद्दा देतो आहोत, असे त्यांचे मत. आमचे मत वेगळे आहे. ऋण कबूल केल्याने हक्क बुडत नाही.

एक विनंती मात्र वाचकांना करावीशी वाटते. खानापूर, निपाणी, बेळगाव भागांत एके काळी गावोगावी हौशी मंडळी संगीत नाटके करीत. ज्यांच्या घरी ‘सौभद्रा’च्या जुन्या छापील प्रती असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. अशा प्रतींत कोणी पेन्सिलीने पद खोडलेले असते, कोणी समासात शब्द बदललेला असतो, कोणी चालीची खूण केलेली असते. आमच्याआधी हाच वाद ज्यांनी घातला त्यांची ती हस्ताक्षरे आहेत. चार दिवसांसाठी प्रत द्यावी, उतरवून घेऊन ती जशीच्या तशी परत करू.