अडलेलं काम घेऊन या

दिल्लीतल्या एका भूजल संशोधन गटाने गुरुग्रामला रिट्रीट ठेवली होती आणि पाहुणी वक्ती म्हणून मला पुण्याहून बोलावलं होतं. नियम एकच: झालेलं काम सांगायचं नाही, अडलेलं सांगायचं. परिषदांत असं कुणी करू धजत नाही, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

मी बोलले आपल्या काळ्या पाषाणावर. महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग त्यावर उभा आहे आणि पाणी सापडतं ते भेगांत, झिजलेल्या थरांत. गुरुग्रामला एकीकडे अरवलीचा टणक क्वार्टझाइट, दुसरीकडे गाळाची जमीन. सुलतानपूरच्या अंगाला तर पाणी इतकं खारं की इंग्रजी अमदानीत विहिरींच्या पाण्यापासून मीठ पिकवत.

मग एका विद्यार्थिनीने आलेख लावला. पाऊस पडला की काही तासांतच तिच्या निरीक्षण विहिरीची पातळी हातभर वर. "भेग असेल," कुणीतरी म्हणालं. पण गाळात, पाणी एवढं खोल असताना? मी विहिरीच्या तोंडाचा फोटो मागितला. केसिंगभोवती सिमेंटचा ओटाच नव्हता. माती खचून पाइपाच्या कडेने बोट जाईल एवढी फट पडली होती. पाऊस मुरत नव्हता, त्या फटीतून सरळ खाली उतरत असावा.

"म्हणजे सगळ्या नोंदी फुकट, मॅम?" तिचा आवाज चिरकला. मुळीच नाही. संशय फक्त पावसानंतरच्या उसळ्यांवर. कोरड्या महिन्यांतली घसरण खरी असू शकते, आणि इथली खरी चिंता तीच. ओटा बांधताना हयगय होते हे मी आमच्याकडेही पाहिलंय, आणि त्याची किंमत अशी पोरं मोजतात याचं मला फार वाईट वाटतं.

संध्याकाळी अरवली जैवविविधता उद्यानात गेलो. जुन्या खाणींची ही जमीन. 2010 पासून इथे स्थानिक झाडं लावली गेली. खाणीच्या कापात क्वार्टझाइटच्या चिरा उघड्या दिसतात. आपल्या धावड्याच्या कुळातला धौ अशाच खडकाळ जमिनीत तग धरतो. पाणी मुरायला जागा कुठे आहे, हे तिथे पोरांना बोट ठेवून दाखवता आलं.

जेवणानंतर ती विद्यार्थिनी वही घेऊन आली. केसिंगभोवती मिठाचं पाणी ओतायचं आणि विहिरीतल्या पाण्याची विद्युतवाहकता लगेच वाढते का ते बघायचं, असं तिने ठरवलं होतं. मीठ किती, यावर वाद रंगला. विहिरीचं पाणी आधीच मचूळ असेल तर फरक कळणार कसा, हा तिच्या सरांचा प्रश्न. रंगद्रव्य वापरू, हे तिचं उत्तर.