थेंब कुठून पडतो?

दिवाळीच्या सुटीत कोकणात जायचे ठरले, की आमच्या घरी तीन याद्या होतात. पहिली सौ.ची, फराळाच्या डब्यांची. दुसरी आमच्या दहा वर्षांच्या कन्येची. तिच्यात गोष्टींची पुस्तके आणि रंगपेटी. तिसरी माझी, म्हणजे गाडीची : हवा, पाणी, ब्रेक, तेल. गेल्या वर्षी माझ्या यादीच्या शेवटी एकच शब्द होता आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह : 'थेंब?'

पुण्यात आमची गाडी जिथे उभी असते तिथल्या फरशीवर गणपतीपासून रोज तेलाचा एक काळा थेंब पडू लागला होता. एकच, पण अगदी नेमाने. गाडी दोन कारखान्यांत दाखवली. एकाने इंजिन आणि गियरबॉक्स यांच्या सांध्याकडे बोट दाखवून सांगितले, "गियरबॉक्स उतरवून सील बदलावे लागेल." दुसरा म्हणाला, "टर्बो गेला, नवाच घाला." त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून सौ. म्हणाली, "एका थेंबाला एवढे पैसे? त्यापेक्षा खाली वाटी ठेवू या." तेल मोजायच्या पट्टीवर पातळी सूतभरच उतरली होती. चाललेय तोवर चालू दे, असे म्हणून मी डिकीत तेलाचा डबा टाकला आणि आम्ही निघालो.

जायचे होते आंजर्ल्याला, मामांकडे. मामांनी सारी हयात एस.टी.च्या आगारात मेकॅनिक म्हणून काढली. मी सहा वर्षे तिकडे फिरकलो नव्हतो. फोनवर विचारावे तर उत्तर ठरलेले : "मजेत आहे रे."

निघताना कन्येने एक युक्ती काढली. गाडी जिथे थांबेल तिथे इंजिनाखाली वर्तमानपत्राचा ताव पसरायचा, पाव तासाने काढायचा, समासात गावाचे नाव नि वेळ लिहायची आणि डागाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढायचे. मी हसलो. पण पुढे साऱ्या प्रकरणाची किल्ली त्या कागदांतच निघाली.

पहिला ताव वाईला पसरला. कृष्णेच्या घाटावर सकाळचे ऊन होते आणि ढोल्या गणपतीपुढे सणाची गर्दी. १७६२ सालचे हे रास्त्यांचे देऊळ. त्याची पाठीमागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे, पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून. परत येऊन पाहिले, तर कागदावर सदऱ्याच्या बटणाएवढा डाग. कन्येने वर्तुळ काढले.

वाईहून पसरणीचा घाट लागतो. इथून महाबळेश्वरपर्यंत गाडी सुमारे दोन हजार फूट वर चढते आणि आमची लहानशी डिझेल गाडी चार माणसांचे सामान घेऊन हा चढ हसतखेळत चढते, ती टर्बोच्या जोरावर. हे यंत्र दिसायला नारळाएवढे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो आणि त्याच आसाच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जळते, म्हणून जोर जास्त. वाया जाणाऱ्या धुरापासून काम करून घेण्याची ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. पुढे १९१८ साली अमेरिकेत विमानाचे एक इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या डोंगरावर नेऊन विरळ हवेत टर्बोची परीक्षा घेतली गेली. घाट चढताना मला ती गोष्ट नेहमी आठवते. हा आस मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळशा थरावर तरंगत फिरतो. तो थर तुटला की खेळ संपला. म्हणून इंजिनातले तेल एका बारीक नळीने, दाबाखाली, टर्बोला अखंड पोचवावे लागते.

महाबळेश्वरला गाडी थांबवली आणि जळक्या तेलाचा वास आला. धावत्या गाडीत वारा तो मागे नेत असावा. थांबताच तो आत शिरला. सौ.ने माझ्याकडे पाहिले. बोलली काहीच नाही. ते न बोलणे फार जड होते. पुढे आंबेनळी घाट. पोलादपूरपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटर वळणेच वळणे, आणि गाडीत लेक. तापलेल्या धुराड्यावर तेल सांडत राहिले तर पेट घेऊ शकते, एवढे मलाही ठाऊक होते.

मी मामांना फोन लावला.

"धूर आहे का?" मामांनी विचारले.

"नाही. नुसता वास."

"धूर दिसला तर तिथंच थांब, गाडी हलवू नको. नसेल तर तास-दीड तास गार होऊ दे. तेल बघ, कमी असेल तर घाल. मग सावकाश उतर. उताराला टर्बोला फार काम नसतं."

तो वेळ आम्ही क्षेत्र महाबळेश्वरात, पंचगंगेच्या देवळात घालवला. इथे कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचे पाणी एका गोमुखातून पडते. कन्येने विचारले, "बाबा, पण गोमुखात पाणी येतं कुठून?" पुजारीबुवांनी नुसते डोंगराकडे बोट केले.

परत आलो. कागदावरचा डाग आता रुपयाएवढा होता. तेल घातले, धूर नाही याची खात्री केली आणि उतरू लागलो. प्रतापगड दिसला, की एरवी मी कन्येला १६५९ची हकिकत सांगतो. या खेपेला माझे सारे लक्ष नाकाकडे. खाली सावित्रीच्या खोऱ्यात भाताची कापणी चालली होती. पोलादपूरला पोचेपर्यंत अंगातला सदरा भिजला. पाव तासाने कन्येने ताव ओढून काढला आणि म्हणाली, "बाबा, डाग लहान झाला!" खरेच, पुन्हा बटणाएवढाच.

खेडवरून दापोली आणि दापोलीहून आंजर्ले. पोचलो तेव्हा तुळशीपुढे पणती लागली होती. मामांनी गाडीआधी कागद मागितले. माजघरातल्या दिव्याखाली एकेक ताव अगदी नाकाशी धरून ते पाहत होते, बोटाने डाग चाचपत होते. मग म्हणाले, "सील नव्हे हे. सील असतं तर उतारालाही तेवढंच गळलं असतं. हे चढावर वाढतंय. म्हणजे जे चढावर जास्त तापतं, त्याच्या आसपासचं दुखणं आहे."

"मग टर्बोच गेला म्हणायचा?"

"उद्या सकाळी. गार इंजिनावर."

सकाळी मामा माझे जुने टॉवेल, साबणाचे पाणी आणि मामींच्या कपाटातला पावडरचा डबा घेऊन अंगणात हजर. इंजिनाखालचे प्लॅस्टिकचे झाकण काढले. त्यात तेल साचून मागच्या कडेने ठिबकत होते. "बघ, थेंब पडतो इथून आणि कारखानेवाले शोधतात इथंच. तेल खाली वाहतं, वाऱ्यानं मागं जातं. ओलं कुठवर आहे ते बघायचं नाही; सगळ्यात वर ओलं कुठं आहे ते बघायचं." मला पुजारीबुवांचे बोट आठवले.

सगळे इंजिन पुसून कोरडे केले. हवेच्या मोठ्या रबरी नळीच्या सांध्यावर तेलकट थर होता. मला वाटले, सापडला चोर! मामांनी तिथे बोट फिरवून नाकाशी नेले. "छे! इंजिनाच्या पोटातली वाफ या नळीत येते, तिचा हा थर. हा घाम आहे, जखम नव्हे." वरच्या झाकणाचे पॅकिंगही कोरडे निघाले. मग टर्बोच्या आजूबाजूला, जिथे हात पोचेल तिथे, पावडर भुरभुरली आणि मी एकटा गाडी घेऊन कड्यावरच्या गणपतीचा चढ चढून आलो. वरून सुवर्णदुर्ग नि हर्णैची गलबते दिसतात. मी न बघताच परत फिरलो.

गाडी गार झाल्यावर मामांनी बॅटरी माझ्या हातात दिली, मामींचा लहान आरसा मागच्या फटीत धरला आणि म्हणाले, "काय दिसतं?"

"तुम्हीच बघा ना मामा."

"तू सांग."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आरसा मामांच्या हातात होता, पण त्यांची नजर त्यावर नव्हती. कागद नाकाशी धरणे, बोटाने चाचपणे... मामांना दिसत नव्हते. ओसरीवरून मामी हळूच म्हणाल्या, "शिमग्यापासून पेपर वाचत नाहीत. मोतीबिंदू म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी. हे म्हणतात, चाललंय तोवर चालू दे."

मी काही बोललो नाही. आरशात पाहिले. पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ खाली आली होती. तिच्या मागोमाग वर गेलो, तर ती टर्बोच्या माथ्यावर, तेलाची बारीक नळी जिथे जोडली आहे त्या बोल्टाशी संपली.

"वायसर!" मामा म्हणाले. "नळी कधी उघडली होती?"

"उन्हाळ्यात, दुसऱ्या कामासाठी."

"आणि जुनेच वायसर परत घातले. तांब्याचे असतात, एक वर, एक खाली. नवे असताना मऊ, दाबले की सांध्यात बसतात. एकदा दाबून कठीण झाले, की पुन्हा नीट बसत नाहीत."

सणाचा दिवस, दुकाने बंद. मामांनी बोटांनी चाचपत मला एकेक पाना सुचवला. निघालेले दोन्ही वायसर तारेत ओवून मामींच्या गॅसवर लाल होईतो तापवले आणि पाण्यात टाकले. चुर्र आवाज झाला. तांबे असे तापवले की पुन्हा मऊ होते. घासून, पुसून बसवले. नळी जोडण्याआधी तिच्या भोकात स्वच्छ तेल ओतले, टर्बो कोरडा फिरू नये म्हणून. मी जोर लावू लागलो तसा मामांनी मनगट धरले. "बोल्ट पोकळ आहे, त्यातूनच तेल जातं. पिळलास तर तुटेल."

पुन्हा पावडर, पुन्हा कडा. या वेळी मी सुवर्णदुर्ग डोळे भरून पाहिला. पावडर पांढरीच राहिली.

रात्री जेवताना मी म्हणालो, "मामा, थेंबच तर पडतोय, चालू दे, असंच मी म्हणत होतो." मामा भात कालवत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पुण्यात किती दिवस लागतील?"

परतताना दापोलीला नवे वायसर घेऊन बदलले. आमच्या सगळ्यांच्या चहापेक्षा स्वस्त पडले. या खेपेला मामा पुढच्या सीटवर, मामी मागे, सामान दुप्पट, आणि आंबेनळीचा पुरा चढ. महाबळेश्वरला ताव पसरला, पाव तासाने काढला. मामांनी तळहात फिरवला, वास घेतला. "कोरडा आहे." कन्येने समासात गाव नि वेळ लिहिली, घडी घातली.

महिनाभराने पुण्यात मामांच्या दुसऱ्याही डोळ्याचे काम झाले. चष्मा लावल्यावर कन्येने तोच कागद आणून त्यांच्यापुढे धरला. मामांनी तो नाकाशी नव्हे, चांगला हातभर लांब धरला आणि समास वाचला.

"कागद कोरडा आहे," मामा म्हणाले, "पण पोरीचं अक्षर दुरुस्तीला आलंय."