पिएरोच्या शोधात पॅरिसमध्ये

पॅरिसच्या एतिएन मार्सेल मेट्रो स्थानकाजवळ एक दगडी बुरूज आहे. बर्गंडीच्या ड्यूकच्या वाड्याचा पंधराव्या शतकातला हा अवशेष. त्या वाड्याच्या आवारात पुढे 'ओतेल द बुर्गोन्य' हे नाट्यगृह झालं. तिथे इटालियन नटमंडळी मुखवटे लावून, आयत्या वेळी संवाद रचत खेळ करायची. 1697 मध्ये चौदाव्या लुईने त्यांना हाकललं. खेळातून राजाची पत्नी मादाम द मँतनों हिची टवाळी होणार, अशी बोलवा होती.

सीन नदी ओलांडून मी सें-जेर्मेंच्या बाजारात गेले. इथे पूर्वी मोठी जत्रा भरे. हाकललेल्यांची पात्रं जत्रेतल्या नटांनी आपलीशी केली. संवादी नाटकाचा हक्क मात्र राजाश्रयी कॉमेदी-फ्रांसेझचा! जत्रेतल्यांचे संवाद बंद पाडले गेले, तेव्हा त्यांनी ओळी फलकांवर लिहिल्या. ओळखीच्या चालींवर त्या ओळी प्रेक्षक गायचे आणि नट मुकाट्याने अभिनय करायचे. कलावंतांची ही जिद्द मला फार मोठी वाटते.

याच पॅरिसमध्ये 1702 च्या सुमारास वालँसिएनहून आँत्वान वातो हा तरुण चित्रकार आला. त्याचा गुरू क्लोद जिलो नाटकवाल्यांची चित्रं काढायचा. तो विषय शिष्याने घेतला. राजा वारल्यावर, 1716 मध्ये, इटालियन मंडळी परतली. त्यांच्या नाटकांतल्या पिएरो या विदूषकी पात्राचं वातोने काढलेलं 'पिएरो' हे चित्र त्यानंतर दोन-तीन वर्षांतलं.

ते लूव्ह्र संग्रहालयात आहे. त्यातला पिएरो जवळपास पुरुषभर उंचीचा, पांढऱ्या सॅटिनच्या ढगळ पोशाखात, हात सैल सोडून समोर बघत उभा. बाह्या लांब म्हणून कोपरांशी चुण्या पडलेल्या, विजार मात्र आखूड. मागे, खालच्या पातळीवर, गाढवावर बसलेला, त्याच नाटकांतला 'डॉक्टर' आणि इतर सोबती आपल्याच नादात. त्या काळच्या रोकोको शैलीच्या चित्रांतले नट बहुधा बागेत गातात, वाजवतात, प्रेमालाप करतात. हा काहीच करत नाही. सोंगाच्या कपड्यांतला माणूस इतक्या आदराने रंगवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. वातो 1721 मध्ये क्षयाने गेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी.

पिएरोची भूमिका करणाऱ्या बेलोनी नावाच्या नटाने कॅफे काढला होता; हे चित्र त्या कॅफेची पाटी असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. मला ते पटतं. हा पिएरो येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे तोंड करूनच उभा आहे.